यंदाचा पहिला कुडकुड्या

सकाळचे अकरा वाजले होते आणि तिच्या चिमट्यात कुणा वकीलबाईंचा वरच्या पटाशीचा दात होता. दात अजून वकीलबाईंचा झालेला नव्हता. भट्टीतून दुसऱ्यांदा बाहेर आलेला, जेमतेम कोमट झालेला चिनी मातीचा एक तुकडा होता तो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘शेजारच्या दातासारखाच, पण किंचित पिवळसर.’ हे ‘किंचित’ शोधण्यात तिची एकतीस वर्षं गेली होती. ट्यूबलाइटखाली सगळेच दात खोटं बोलतात, म्हणून ती उठून खिडकीपाशी गेली, दात उजेडात धरला, आणि तेवढ्यात ॲप्रनच्या खिशात फोन थरथरला. एरवी तिने तो बघितला नसता. पण शरद सुरू झाला होता, पाहुणे पक्षी उतरायला लागले होते, आणि या दीड-दोन महिन्यांत पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवरचा एकही निरोप तिला उशिरा वाचवत नसे. तिने डाव्या हाताने फोन काढला. एका अनोळखी नंबरावरून आलं होतं: ‘सकाळी साडेसात. जुन्या गोदामामागची भिंत. कुडकुड्या एक, नर. यंदाचा पहिला.’ तिच्या चिमट्यातून दात सुटला. फरशीवर टक् असा आवाज झाला आणि तो पॉलिशच्या टेबलाखाली गेला. पलीकडे भट्टीजवळ बसलेला तिचा सहकारी मान वर न करता म्हणाला, “पडला का दुधाचा?” ती हसली नाही. गुडघ्यांवर बसून तिने टेबलाखाली हात घातला. दात सापडला, शाबूत होता, पण ती तशीच फरशीवर बसून राहिली. कुडकुड्या. हा शब्द कुठल्याही पुस्तकात नव्हता. हा शब्द तिचा होता.

तेव्हा ती सहा वर्षांची होती. गोवर येऊन गेला होता, ताप उतरला होता, पण अंगात कणकण होती, आणि आईने तिला दुलईत गुंडाळून खिडकीशी बसवलं होतं. समोरच्या भिंतीवर एक छोटा पक्षी आला. वरून काळसर, पोटाखाली विटकरी, आणि शेपटी सारखी थरथरत होती. ती म्हणाली होती, “त्यालापण थंडी वाजतेय. कुडकुड्या आहे तो.” आई हसली होती. वडील मात्र बातम्यांच्या कागदांतून मान वर करून खिडकीपाशी आले होते, नीट बघून म्हणाले होते, “थिरथिरा. दोन्ही थि ऱ्हस्व.” वडील वर्तमानपत्राच्या छापखान्यात मुद्रितशोधक होते. लोकांच्या चुका काढणं हे त्यांचं पोट भरण्याचं साधन होतं, पण कुठल्या तरी टप्प्यावर ते नुसतं साधन राहिलं नव्हतं. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, मुलांची पत्रं, सगळ्यांवरून त्यांची नजर लाल शाई घेऊन फिरे. त्यांनी तिला एक कोरा कागद दिला आणि दहा वेळा थिरथिरा लिहायला लावलं. तिने नऊ वेळा लिहिलं आणि दहाव्या ओळीत कुडकुड्या. त्यांनी तो शब्द उभ्या रेघेने कापला आणि समासात खोडण्याची खूण केली, छापखान्यात करतात तशी, शेपटीला एक वेटोळं असलेली. ते रागावलेले नव्हते. खूण इतकी सुंदर काढली होती की तिने तो कागद कितीतरी दिवस जपून ठेवला. पुढे तो कुठे गेला कोण जाणे.

ग्रुपवर तोवर चर्चा सुरू झाली होती. ग्रुप चालवणारे निवृत्त भूगोलशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी विचारलं होतं, ‘कुडकुड्या म्हणजे?’ उत्तर आलं, ‘थिरथिरा हो. आम्ही कुडकुड्याच म्हणतो.’ मास्तरांनी लिहिलं, ‘आम्ही म्हणजे कोण? वार्षिक यादीत प्रमाण नावच जाईल.’ जुळ्यांच्या आईने लिहिलं, ‘किती गोड नाव! आमची कार्टी आता हेच म्हणणार.’ बँकेतल्या गृहस्थांनी नदीकाठी दोन धोबी आणि एक मानमोडी दिसल्याचं कळवलं आणि खाली जोडलं, ‘कुडकुड्या अजून नाही.’ म्हणजे तासाभरात शब्द चौघांच्या तोंडी झाला होता. ती दात पुन्हा उजेडात धरून बघत होती, पण तिला पिवळा दिसत नव्हता आणि पांढराही दिसत नव्हता. ग्रुपवर एरवी तीच दुरुस्त्या करायची. कुणी तुतवाराला पाणलावा म्हटलं की पाच मिनिटांत तिचा निरोप जाई, ‘पांढरी भुवई बघा, तुतवार आहे.’ मास्तर तिला आदराने आणि बाकीचे जरा कंटाळून ‘तपासनीसबाई’ म्हणत. आज तपासनीसबाईंनी काहीच लिहिलं नाही.

बसमधून घरी जाताना तिने स्वतःशी वाद घातला. शेपटी थरथरणारा, थंडीबरोबर येणारा पक्षी. त्याला कुणीही कुडकुड्या म्हणेल. हजार मुलं खिडकीशी बसली असतील, त्यातल्या चार जणांना हेच सुचलं असेल. त्यात विशेष ते काय? पण समजूत घालून झाली की पुन्हा फोन उघडून तो निरोप ती वाचत होती. भीती नव्हती ती. कपाट आवरताना मागच्या फळीमागे अजून एक कप्पा आहे असं लक्षात यावं, आणि हात आत घालावा की नाही ते ठरत नसावं, तसं काहीतरी. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. वडील जाऊन चार. उरला भाऊ. तो दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता आणि फोन उचलला की पहिलं वाक्य नेहमी एकच म्हणायचा.

“बोल पटकन, मी शाफ्टमध्ये आहे.”

“दादा, कुडकुड्या म्हटलं की तुला काय आठवतं?”

“थंडी.”

“पक्षी नाही आठवत?”

“कुठला पक्षी? हे बघ, लहानपणी तू सगळ्यांनाच नावं ठेवायचीस.”

“म्हणजे कुठल्या अर्थाने?”

“दोन्ही,” तो म्हणाला आणि वर कुणाला तरी ओरडून सांगितलं, “अरे, थांबव, थांबव!” मग पुन्हा तिला, “बरी आहेस ना? बाबांचं काही स्वप्न वगैरे पडलं का?”

“नाही रे. सहज.”

“तुझं काही सहज नसतं,” म्हणून त्याने फोन ठेवला. त्याला आठवत नव्हतं. म्हणजे आई गेल्यावर तो शब्द ठाऊक असलेले दोघंच उरले होते, ती आणि वडील. आणि वडिलांकडून तो कुणाला कळणं शक्य नव्हतं, कारण शेवटचे आठ महिने त्यांना वाचाच नव्हती. अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या बाजूबरोबर शब्दही गेले. डॉक्टर म्हणाले होते, थोडं परत येईल कदाचित. ती दिवसभर कामावर असे, घरात बघायला कुणी नव्हतं, म्हणून शुश्रूषागृह. दर रविवारी चार ते सहा ती तिथे जाई. संत्रं सोलून एकेक फोड त्यांच्या डाव्या हातात देई, नखं कापी, वर्तमानपत्र मोठ्याने वाची, आणि जिथे छापण्यात चूक असेल तिथे मुद्दाम थांबून म्हणे, “बघा बाबा, ‘आशीर्वाद’ पुन्हा चुकवलाय.” तिला वाटे, निदान याला तरी ते हुंकार देतील. ते ओठ मिटून बसत. आठ महिन्यांचे रविवार, बत्तीस-तेहतीस तरी, आणि एक शब्द नाही. भाऊ दोनदा येऊन गेला आणि जिन्यातच म्हणाला, “ते नाहीयेत गं आता आत.” तिला राग आला होता, पण तिनेही ते हळूहळू खरं मानून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने त्या नंबराला वेगळा निरोप पाठवला: ‘नमस्कार. कुडकुड्या हे नाव आपण कुठे ऐकलंत?’ मग तिने स्वतःला भट्टीत इतकं गुंतवून घेतलं की सहकारी म्हणाला, “आज काय एकटीच सगळ्या गावाचं बोळकं भरतेस का?” उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. ‘एका पेशंटकडून. का हो?’ तिने लिहिलं, खोडलं, लिहिलं, खोडलं. शेवटी एवढंच गेलं, ‘प्रत्यक्ष भेटून बोलू का?’ आणि लगेच उत्तर आलं, ‘रविवारी तळ्यावर या की. मास्तर मोजणीला बोलावतातच आहेत. मी थर्मास घेऊन येते.’

तळं शहराच्या कडेला होतं, जुन्या विटांच्या कारखान्याने खणून ठेवलेल्या खड्ड्यात आपोआप साठलेलं. काठाने लव्हाळी वाढली होती. सकाळचं धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं, आणि मास्तर गळ्यात दुर्बीण अडकवून सगळ्यांना जोड्यांनी उभं करत होते, शाळेच्या सहलीसारखं. ती ज्या बाईंना शोधत होती त्या बाकावर बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, आणि हात मात्र सुतारासारखे रुंद. “मी फिजिओ,” त्या म्हणाल्या, “म्हणजे होते. आता गुडघे माझेच दुसऱ्याला दाखवते. बसा.” आणि चहाचं झाकण तिच्या हातात देत त्यांनी विचारलं, “तुम्ही त्या नावाचं काय विचारत होतात?”

तिने वडिलांचं आडनाव न सांगता शुश्रूषागृहाचं वर्णन केलं, दुसऱ्या मजल्यावरची सात नंबरची खोली. बाईंनी थर्मास खाली ठेवला. तिच्याकडे नीट बघितलं, आधी डोळ्यांकडे, मग हनुवटीकडे.

“रविवारची मुलगी,” त्या म्हणाल्या. “अगं बाई! माझी रविवारी सुट्टी. त्यामुळे आपण कधी भेटलोच नाही.”

“ते बोलायचे?” तिने विचारलं. एवढं विचारायला तिला चहाचे दोन घोट लागले.

“बोलायचे म्हणजे काय, बडबडायचे! पण धड नाही हो. पाणी हवं असलं की शाई म्हणायचे. मला एकदा कंपोझिटर म्हणाले. थ तर काही केल्या येईना. खिडकीसमोर भिंत होती, तिच्यावर तो यायचा, शेपटी हलवत. मी म्हटलं, काका, तो बघा, काय नाव त्याचं? ते म्हणाले, थि... थि... असे लाल झाले, मूठ आपटली पलंगावर. मी म्हटलं, राहू दे. तर एकदम तोंडातून आलं, कुडकुड्या. अगदी स्वच्छ. स्वतःच दचकले. मग हसायला लागले, आणि हसता हसता रडायला. त्या आजारात होतं तसं. आणि मग म्हणाले, ‘मुलीचं.’ मला वाटलं, मादी आहे म्हणतायत! मी आपली त्यांना समजावतेय, नाही काका, हा काळा म्हणजे नर. ते डोक्याला हात लावून बसले.”

तिला हसू आलं. लव्हाळीतून काहीतरी उडालं आणि मास्तर पलीकडून ओरडले, “दोन, दोन! कुणी लिहितंय का?” कुणीच लिहीत नव्हतं. ती विचार करत होती, की तो दहावा शब्द त्यांनी कापला होता तेव्हा तो गेला कुठे? ती समजत होती कागदावरून गेला. तो त्यांच्याकडेच राहिला होता, सत्तेचाळीस वर्षं, नीट शिकलेल्या सगळ्या शब्दांच्या खाली, आणि वरचे सगळे वाहून गेल्यावर उघडा पडला होता. “माझ्याशी कधी बोलले नाहीत,” ती म्हणाली. तक्रार करायची नव्हती; तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“मी सांगायची त्यांना, अहो, मुलगी येते, तिच्याशी बोला. मान हलवायचे. एकदा म्हणाले, ‘चुका.’ एवढंच. आता त्यांच्या चुका, की तुम्ही पेपरातल्या काढायचात म्हणे, त्या, ते मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू?” बाईंनी झाकणात आणखी चहा ओतला. “आठवडाभर एक वाक्य घोकायचे तुमच्यासाठी. सोमवार ते शनिवार. रविवारी तोंड मिटून बसायचे, आणि सोमवारी माझ्यावर चिडचिड.”

“कुठलं वाक्य?”

“चष्मा बदलून हवा.”

तिने पुष्कळ वाक्यांची तयारी करून ठेवली होती, कळत नकळत, गेल्या दोन मिनिटांत. हे त्यात नव्हतं.

“नंबर वाढला होता ना. पक्षी आला की दिसायचा नुसता ठिपका. शेवटी मीच डोळे तपासणाऱ्याला बोलावलं आणि नवा करून आणला. तपकिरी फ्रेमचा.”

तपकिरी. त्या रविवारी ती खोलीत शिरली होती आणि पहिल्याच नजरेत तिला ते खटकलं होतं. रंग खटकणं हा तर तिचा धंदाच. वडिलांच्या चेहऱ्यावर कुणाचा तरी भलताच चष्मा. तिने तो त्यांच्या नाकावरून काढून घेतला होता, खाली काउंटरवर नेऊन आपटला होता आणि म्हणाली होती, “हा माझ्या वडिलांचा चष्मा नाही. त्यांचा काळा आहे. त्यांना बोलता येत नाही म्हणून तुम्ही काहीही घालाल?” काउंटरवरची मुलगी घाबरून कपाटं उपसत होती. काळा चष्मा सापडला. तिने तो आपल्या ओढणीने पुसून स्वतःच्या हाताने त्यांना घातला होता, आणि म्हणाली होती, “आता कसं!” घरी जाताना तिला बरं वाटलं होतं. त्या आठ महिन्यांत तिला बरं वाटलेला तो एकच रविवार.

तिने हे सगळं सांगितलं. सांगताना आवाज नीट राहिला याचं तिलाच नवल वाटलं. फिजिओबाईंनी तोंडावर हात धरला, आणि त्या हसतायत हे तिला आधी कळलंच नाही. “ती तुम्ही होय! अहो, सोमवारी मी बघते तर हा काळा. मी म्हटलं, काका, हे काय? ते नुसते खांदे उडवतायत. मग आम्ही ठरवूनच टाकलं. सोमवार ते शनिवार तपकिरी, आणि रविवारी साडेतीन वाजता ते स्वतःच काढून उशीखाली ठेवायचे आणि काळा घालायचे. नर्सनी मला सांगितलं. डाव्या हाताने, न सांगता.”

“माझ्यासाठी?”

“मग काय माझ्यासाठी?”

“म्हणजे रविवारी मी त्यांना दिसतच नव्हते?”

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. “तोंडावळा दिसत असेल. दात नसतील दिसत.” आणि दोघी एकदमच हसल्या, इतक्या मोठ्याने की लव्हाळीतलं उरलंसुरलं सगळं उडालं आणि मास्तर चष्मा कपाळावर सरकवून तरातरा आले. “अहो, मोजणी चाललीय ना!” ते म्हणाले, आणि मग तिचा ओला चेहरा बघून उगाचच धुक्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हवा जरा... नाही का?”

परत निघताना तिने विचारलं, नव्या चष्म्यातून त्यांनी सगळ्यात पहिल्यांदा काय बघितलं. “माझ्याकडे,” फिजिओबाई म्हणाल्या. “बराच वेळ. आणि म्हणाले, ‘म्हातारी.’ त्यांना वाटत होतं मी पंचविशीची आहे. मग मात्र खिडकी. दिवसभर खिडकी.”

आठवडाभर ती खिडकी तिच्या डोक्यातून जाईना. चार वर्षं तिच्या मनात त्या खोलीचं एकच चित्र होतं, आणि त्यात पलंग होता, औषधांचं टेबल होतं, फिनेलचा वास होता, पण खिडकीतून काय दिसतं ते नव्हतं. ती आठवून बघे. भिंत होती म्हणे. कसली भिंत? विटांची, गिलाव्याची? झाड होतं का? तेहतीस रविवार ती तिथे बसली होती आणि तिला एक फांदीही आठवत नव्हती. वकीलबाईंचा दात तिने तिसऱ्यांदा भट्टीत घातला, चौथ्यांदा उजेडात धरला आणि डॉक्टरांकडे पाठवून दिला. रविवारी चार वाजता ती शुश्रूषागृहाच्या दारात उभी होती. काउंटरवर आता दुसरी मुलगी होती. “कुणाला भेटायचंय?” तिने विचारलं. “सात नंबर,” ती म्हणाली, आणि मुलीने वहीतून मान वर न काढता जिन्याकडे हात केला.

सात नंबरमध्ये एक वृद्ध बाई होत्या, उशांना टेकून बसलेल्या, केस अगदी बारीक कापलेले. अंगावर निळी शाल. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या हे पुढे कळलं. पण आवाज ऐकूनच तसं काहीतरी वाटलं होतं.

“डॉक्टर का तुम्ही?”

“नाही.”

“मग कोण पाहिजे?”

“कुणी नाही,” ती म्हणाली. “माझे वडील होते या खोलीत. खिडकीतून काय दिसतं ते बघायला आलेय.”

बाईंना यात काही वावगं वाटलं नाही. “मग बस की,” त्या म्हणाल्या. खुर्ची होती तिथेच होती. पत्र्याची, पाठीला एक पट्टी निघालेली. सवयीने ती तिच्यावर जाऊन बसली, पलंगाकडे तोंड करून, आणि पर्स मांडीवर घेतली. बाई तिच्या डाव्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. वडीलही असेच बघत. नजर ठरत नाही त्यांची, असं तिने तेव्हा डॉक्टरांना सांगितलं होतं. बाईंनी मान डावीकडे वाकवली. मग उजवीकडे. मग शालीतून हात बाहेर काढून, माशी वारावी तसा दोनदा हलवला.

“अगं, सरक ना जरा,” त्या म्हणाल्या. “तू मधे येतेयस.”

ती उठली. खुर्ची उचलून तिने पलंगाच्या उशाशी नेली, बाईंच्या शेजारी भिंतीला टेकवली आणि दोघींची तोंडं एका दिशेला झाली. बाहेर गोदामाची जुनी भिंत होती, विटांची, वरच्या कडेला शेवाळ सुकलेलं. त्यामागे एक झाड, अर्धं झडलेलं. ऊन भिंतीच्या निम्म्यापर्यंत आलं होतं.

“आता कोण येतं इथे?” तिने विचारलं.

“थांब,” बाई म्हणाल्या. “सांगते एकेक.”